पाणी पिण्यास योग्य आहे

साल 2031, जुलै महिना. मराठवाड्याच्या कडेला असलेलं एक तालुक्याचं गाव. नाव देत नाही, कारण हे गाव अजून तरी कल्पनेतच आहे. वस्ती साठ हजारांच्या आसपास. नगरपरिषदेची पाणीयोजना जवळच्या मध्यम प्रकल्पावर. जलशुद्धीकरण केंद्र जुनं, रंग उडालेलं, पण चालू. जून कोरडा गेला. जुलैच्या पहिल्या तारखेला रात्री आभाळ फाटल्यासारखा पाऊस आला आणि धरणाच्या वरच्या अंगाला जेवढे गोठे होते, जेवढे उकिरडे होते, तेवढ्यांवरून ओढे धावत खाली आले. त्या गोठ्यांतल्या वासरांना पंधरा दिवसांपासून हगवण लागली होती. जनावरांच्या डॉक्टरांना ते ठाऊक होतं. माणसांच्या डॉक्टरांना कोण सांगणार?

केंद्रावर आलेलं पाणी चहाच्या रंगाचं. तुरटीचा डोस मात्र जूनमध्ये लावला होता तोच. वाळूचे फिल्टर धुतलेलं पाणी वाया जाऊ नये म्हणून परत सुरुवातीच्या टाकीत सोडायची पद्धत तीन उन्हाळ्यांपूर्वी टंचाईत सुरू झाली, ती तशीच राहिली. क्लोरीन व्यवस्थित पडत होतं. सकाळी कर्मचाऱ्याने नळाच्या पाण्यात क्लोरीन तपासायच्या ओटी द्रावणाचे थेंब टाकले, पाणी झकास पिवळं झालं, वहीत सही झाली. व्हॉल्व्हमनने प्रभाग चारचं पाणी सोडलं. माठात भरल्यावर ते किंचित धुरकट दिसलं, पण पावसाळ्यात असं होतंच, असं म्हणून बायकांनी माठावर झाकण ठेवलं.

आठव्या दिवशी बसस्टँडसमोरच्या मेडिकलवाल्याकडच्या ओआरएसच्या पुड्या संपल्या. दहाव्या दिवशी जुलाब थांबवायच्या गोळ्या संपल्या. शाळेत एका वर्गात निम्मी पोरं गैरहजर. रक्त नाही, फार ताप नाही, नुसते पाण्यासारखे जुलाब, पोटात कळा, आणि दोन दिवस बरं वाटून पुन्हा तेच. ग्रामीण रुग्णालयात एका खाटेवर दोघं आणि सलाईनची बाटली खिडकीच्या गजाला. अँटिबायोटिक दिलं, फरक पडला नाही. पाण्याचे नमुने जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत गेले, तिकडून कागद आला: पाणी पिण्यास योग्य आहे. मुख्याधिकाऱ्यांनी तो कागद व्हॉट्सॲपच्या गटावर टाकला. खाली कुणीतरी लिहिलं, रस्त्यावरचे भेळवाले बंद करा. भेळवाले बंद झाले. ज्यांना परवडलं त्यांनी जारचं पाणी सुरू केलं. जारवाल्याचा प्लँट त्याच नगरपरिषदेच्या जोडणीवर होता.

एवढी कल्पना पुरे. हे सगळं मी रचलेलं आहे, पण हवेतून काढलेलं नाही. यातले जवळजवळ सगळे सांधे 1993 साली अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात खरोखर निखळले होते.

मिलवॉकी हे विस्कॉन्सिन राज्यातलं, मिशिगन सरोवराच्या काठावरचं शहर. दोन जलशुद्धीकरण केंद्रं, दोन्ही सरोवरातून पाणी उचलणारी. मार्चच्या अखेरीला दक्षिणेकडच्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या शुद्ध केलेल्या पाण्याचा गढूळपणा एकाएकी वाढला. हा गढूळपणा एनटीयू नावाच्या एककात मोजतात. तो एरवी नगण्य असायचा, तो 1.7 पर्यंत गेला. तेव्हाच्या नियमांत हे पाणी बसत होतं. क्लोरीन होतं. रोगजंतूंच्या नेहमीच्या चाचणीत काही निघालं नाही. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात औषधांच्या दुकानांतून जुलाबाच्या गोळ्या नाहीशा झाल्या, शाळा-इस्पितळांतले कर्मचारीसुद्धा घरी बसले, आणि 7 एप्रिलला महापौरांनी पाणी उकळून प्या असं जाहीर केलं. दोन दिवसांनी ते केंद्र बंद झालं. पुढे हिशेब लागला तो असा: आजारी पडलेले अंदाजे 4 लाख 3 हजार. अमेरिकेच्या नोंदलेल्या इतिहासातली पाण्यातून आलेली सर्वांत मोठी साथ. पन्नासहून अधिक माणसं दगावली, त्यांतली बहुतेक एड्सचे रुग्ण.

कारण एक परजीवी: क्रिप्टोस्पोरिडियम. आतड्याच्या आतल्या पेशींत राहणारा एकपेशीय जीव. बाहेर पडताना तो जाड कवच घेऊन पडतो. कवचासकट त्याची रुंदी चार ते सहा मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. पाण्यातल्या बहुतेक जंतूंना मारणारं क्लोरीन या कवचाला शिवत नाही. पोहण्याच्या तलावात नीट क्लोरीन असतानाही हा आठवड्याहून जास्त तग धरतो. आजार व्हायला हजारो-लाखो लागत नाहीत, काही थोडके पुरतात. आणि हगवण लागलेलं एक वासरू रोज अब्जावधी टाकतं. मिलवॉकीत सुरुवातीला संशय गुरांवरच होता, नंतरच्या तपासात जनुकीय खूण माणसाकडून माणसाकडे जाणाऱ्या प्रकाराची निघाली, म्हणजे बोट मैल्याच्या पाण्याकडे वळलं. धडधाकट माणूस एक-दोन आठवड्यांत सावरतो. ज्याची प्रतिकारशक्ती खचली आहे, मग तो एचआयव्हीचा रुग्ण असो, किडनी बदललेला असो, केमो चालू असलेला असो, त्याला हा महिनोन्‌महिने पिळून काढतो. नायटाझॉक्सानाइड नावाचं औषध आहे, पण ज्यांना सर्वांत गरज त्यांच्यावरच त्याचा भरवसा सर्वांत कमी.

मला मिलवॉकीतली एक गोष्ट सर्वांत जास्त अस्वस्थ करते. हा जीव सापडत नव्हता, कारण त्याला कुणी शोधत नव्हतं. शौचाच्या नेहमीच्या तपासणीत तो दिसत नाही. त्यासाठी वेगळं रंजक लावावं लागतं, तसं लाव म्हणून डॉक्टरने चिठ्ठीवर लिहावं लागतं. आपल्याकडे क्षयरोगाच्या थुंकीला जे लाल रंजक लावतात त्याचाच थोडा बदललेला प्रकार इथे चालतो, मग निळ्या-हिरव्या पार्श्वभूमीवर बारीक गुलाबी गोळे दिसतात. हे रंजक आपल्या गावोगावच्या क्षय तपासणीला माहीत आहे. शौचाच्या नमुन्याला ते लावायचं कुणाला सुचत नाही, एवढंच. हा जीव आपल्याकडे नाही असंही समजू नका. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत आफ्रिका आणि दक्षिण आशियातल्या सात ठिकाणी लहान मुलांच्या गंभीर जुलाबाची कारणं तपासली होती. त्यांत कोलकाता होतं. एक वर्षाच्या आतल्या बाळांत रोटाव्हायरसच्या पाठोपाठ हाच होता.

आणि गढूळपणा 1.7? आपल्या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात 1 एनटीयू स्वीकारार्ह आणि दुसरा स्रोत नसेल तर 5 पर्यंत चालतो.

*

साथीचं भय विकायचं असेल तर याहून चांगला माल बाजारात आहे. 2025 साली केरळात नेग्लेरियासारख्या अमिबांमुळे मेंदूज्वराचे रुग्ण वाढले तेव्हा मराठी वाहिन्यांनी ‘मेंदू खाणारा अमिबा’ दिवसभर फिरवला. रोग भयंकर आहे यात वाद नाही. तळ्या-विहिरीच्या कोमट पाण्यात डुबकी मारताना अमिबा नाकातून शिरतो, पिण्यातून नाही. केरळाबाहेर जगभर वाचलेले रुग्ण अगदी थोडे. पण बातमीत जे आलं नाही ते मला महत्त्वाचं वाटतं: केरळात वाचलेल्यांचं प्रमाण जगाच्या तुलनेत खूप चांगलं होतं. मेंदूज्वराचा रुग्ण आला की अमिबा आहे का ते पाहायचंच, असा आदेश तिथल्या आरोग्य खात्याने आधीच काढला होता. विहिरींत क्लोरीन टाकायची मोहीम निघाली. तिथे रुग्ण जास्त दिसले, कारण पाहणारे जास्त होते.

पाहणाऱ्यांमुळे साथ कळली, असं आपल्याकडेही झालं आहे. जानेवारी 2025 मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या बाजूला, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत गुइयाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकामागून एक येऊ लागले. एरवी वर्षाला कुठेतरी तुरळक दिसणारा, हातपाय लुळे पाडणारा आजार. तो बहुतेकदा जिवाणूच्या किंवा विषाणूच्या संसर्गानंतर येतो, परजीवीमुळे नाही, तेव्हा तो या लेखाचा विषय नव्हे. पण रुग्णांचा आकडा दोनशेवर गेला आणि संशयाची सुई पुन्हा एका मोठ्या विहिरीच्या पाण्याकडे गेली. खडकवासल्याच्या कुशीत, पुण्यासारख्या शहराच्या अंगणात. ती साथ कळली कशी? मेंदूविकारतज्ज्ञांच्या लक्षात आलं की एवढे रुग्ण एकाच बाजूने येताहेत, आणि त्यांनी कळवलं. आजार इतका ठळक होता म्हणून कळली. जुलाब कुणाच्या लक्षात येतात?

*

लक्षात यायचं कसं, हे या देशाने एका परजीवीच्या बाबतीत शिकून दाखवलेलं आहे. नारू.

आजच्या तिशीतल्या वाचकाला हा शब्द कदाचित पाठ्यपुस्तकातल्या रोगांच्या यादीतून आठवेल. कोरडवाहू पट्ट्यातल्या सत्तरी ओलांडलेल्या माणसाला विचारा, तो पायाकडे बघतो. आधी घोट्यापाशी खाज, मग आग, मग फोड. फोड फुटतो आणि आत पांढरं, शिजलेल्या शेवईसारखं एक टोक दिसतं. ती मादी. लांबी दोन-तीन फूट, कधी त्याहून जास्त, जाडी दीड-दोन मिलीमीटर. माणसाच्या कातडीखाली वर्षभर वाढलेली. औषध तेव्हाही नव्हतं, आजही नाही. लसही नाही. करायचं ते हजारो वर्षं लोक करत आले तेच: टोक बारीक काडीला गुंडाळायचं आणि रोज थोडं थोडं, बोटभर, फार तर दोन बोटं, फिरवत बाहेर काढायचं. घाई केली आणि तुटला तर आत राहिलेला भाग सडतो, पाय सुजतो, गाठ होते, सांधा आखडतो. म्हणून पोरगा काडी पट्टीत बांधून, पाय पसरून आठवडेच्या आठवडे ओसरीवर बसून राहायचा. आणि हे बहुधा उन्हाळ्याच्या अखेरीला, नेमक्या पेरणीच्या तोंडावर. घरातले दोन कर्ते पाय एकाच महिन्यात जायबंदी झाले की त्या वर्षीचं रान पडीक.

फोडाची आग असह्य होते तेव्हा माणूस काय करतो? पाणी शोधतो. बारवेच्या पायऱ्या उतरतो आणि पाय पाण्यात सोडतो. नारू याचीच वाट बघत असतो. पाणी लागताच मादी दुधाळ पाणी सोडते, त्यात लाखो अळ्या. त्या पाण्यातला जेमतेम दिसणारा सायक्लॉप्स नावाचा जलजीव त्या गिळतो. दोन आठवड्यांत अळी तयार. तिसऱ्या आठवड्यात दुसरीच कुणी बाई त्याच पायऱ्यांवर घोट्यापर्यंत पाण्यात उभी राहून घागर बुडवते. पाण्याबरोबर सायक्लॉप्स पोटात, तिथे तो मरतो, अळ्या मोकळ्या होतात. नर-मादी जुळतात, नर मरतो, मादी कातडीखाली पायाच्या दिशेने निघते. पुढच्या वैशाखात त्या बाईच्या पायाला खाज सुटते. रोग आणि कारण यांच्यात एक वर्षाचं अंतर. गेल्या वैशाखात प्यालेल्या पाण्याचा यंदाच्या फोडाशी संबंध गावातला शहाण्यातला शहाणा माणूसही जोडू शकला नसता, आणि जोडला नाही म्हणून त्याला अडाणी म्हणण्यात अर्थ नाही. शास्त्रज्ञांनाही तो उशिराच जमला. सायक्लॉप्सचा दुवा रशियन निसर्गशास्त्रज्ञ अलेक्सेई फेदचेंको यांनी मध्य आशियातल्या तुर्कस्तानात 1870 च्या सुमारास शोधला. परळच्या जिवाणू प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिनमध्ये, डॉ. डी. ए. तुर्खुड यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात नारूच्या अळ्या असलेले सायक्लॉप्स स्वेच्छेने तयार झालेल्या माणसांना देऊन हा मार्ग सिद्ध केला. 1930 च्या दशकात म्हैसूर संस्थानात व्ही. एन. मूर्ती यांनी आणखी एक उद्योग केला: सायक्लॉप्स खाणारे छोटे मासे विहिरींत सोडले आणि कुत्र्यांना नारूची लागण करून दाखवली. या कुत्र्यांकडे पुन्हा यायचं आहे.

बारवांबद्दल इथे एक सांगून टाकतो. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात बारवा पुन्हा उजेडात आल्या आहेत. गाळ काढणं, महाशिवरात्रीला दिवे लावणं, फोटो काढणं जोरात आहे, आणि ते उत्तमच आहे. काय एकेक वास्तू आहेत! पण या पायऱ्या म्हणजे लोकांच्या शहाणपणाचा ठेवा वगैरे जे गहिवरून लिहिलं जातं, त्यात एक वाक्य राहून जातं: माणूस पाण्यात उतरू शकतो, हीच त्या बांधकामाची खोट होती. नारू हटवणाऱ्यांनी देशभर पायऱ्यांच्या विहिरींचे पायच काढून घेतले. पायऱ्या बंद करून कठडे बांधले, रहाट लावले, पाणी वरून पोहऱ्याने शेंदायचं. वास्तुप्रेमींना ते पाहून दुःख झालं असेल. मला त्या कठड्यांचा अभिमान वाटतो.

राष्ट्रीय कार्यक्रम 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला दिल्लीच्या राष्ट्रीय संसर्गजन्य रोग संस्थेच्या देखरेखीखाली सुरू झाला. 1984 मध्ये देशात सात राज्यांतून सुमारे 40 हजार रुग्ण मोजले गेले. महाराष्ट्र त्या सातांत होता. हत्यारं साधी: पायऱ्यांच्या विहिरी बदला, गावात हापसा बसवा, जिथे ते होईपर्यंत वेळ लागेल तिथे विहिरीत टेमेफॉस हे कीटकनाशक टाकून सायक्लॉप्स मारा, आणि पाणी दुपदरी फडक्यातून गाळा. हापशाची तर आपल्याशी थेट ओळख आहे. गावोगावी दिसणारा इंडिया मार्क टू हा हातपंप ज्या घराण्यातला, त्याची मुळं जालना आणि सोलापूरच्या मिशनऱ्यांच्या कर्मशाळांत आहेत. दुष्काळी खडकात बोअर मारून बसवलेले ओतीव लोखंडाचे पंप रोज मोडत, म्हणून तिथल्या मिस्त्रींनी पोलादी पंप घडवला. 1970 च्या दशकात युनिसेफच्या साहाय्याने त्याचाच पुढचा अवतार देशभर गेला. दक्षिण राजस्थानात, उदयपूर-डुंगरपूर-बांसवाड्याकडे, आदिवासी बायका पाने-पकड घेऊन हापसे दुरुस्त करू लागल्या. नारूच्या शेवटात या पान्यांचा वाटा आहे.

पण हे सगळं सरकारी अहवालात शोभणारं. मला विचाराल तर खरं काम वर्षातून अनेकदा होणाऱ्या शोधमोहिमांनी केलं. कार्यकर्ता हातात नारूचं चित्र घेऊन घरोघर फिरायचा, शाळेत मास्तरांना विचारायचा, बाजाराच्या दिवशी वेशीवर उभा राहायचा: असं कुणाला झालंय का? रुग्ण कळवणाऱ्याला बक्षीस. रुग्ण सापडला की फोड फुटायच्या आत गाठायचा, पट्टी बांधायची, पाण्यात उतरू द्यायचं नाही. एक रुग्ण चुकला तर पुढच्या वर्षी गावच्या गाव. शेवटच्या वर्षांत तर शेकड्याने गावं अशी फिरली गेली जिथे काहीही मिळालं नाही, आणि काहीही मिळालं नाही हेही लिहून ठेवलं गेलं. हा शून्य लिहिण्याचा धीर मला लसीच्या शोधाइतकाच मोठा वाटतो. भारतातला शेवटचा रुग्ण जुलै 1996 मध्ये राजस्थानच्या जोधपूर जिल्ह्यात सापडला. तीन वर्षं आणखी शोधत राहिल्यावर, फेब्रुवारी 2000 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचं प्रमाणपत्र दिलं. औषध नाही, लस नाही, आणि तरी एक रोग या देशातून गेला. देवीनंतरची ही आपली पहिली अशी कामगिरी, आणि तिचा साधा टपाल तिकिटाएवढाही गाजावाजा आपल्या बोलण्यात नाही.

*

गेलेला परत येतो का? चाडला विचारा.

मध्य आफ्रिकेतल्या या देशात दहा वर्षं नारूचा एकही रुग्ण नोंदला गेला नव्हता. मग 2010 मध्ये दहा रुग्ण सापडले. दोन वर्षांनी कळलं की कुत्र्यांच्या पायांतून नारू निघतो आहे, आणि माणसांपेक्षा कितीतरी जास्त. शारी नदीच्या काठावर मासे साफ करताना फेकलेली आतडी कुत्री खातात, त्यातून हे होत असावं, असा तज्ज्ञांचा कयास. मूर्तींनी म्हैसुरात 1930 च्या दशकात जे प्रयोगशाळेत करून दाखवलं, ते नदीकाठी आपोआप चाललं होतं. 1986 मध्ये जगात वर्षाला पस्तीस लाख रुग्ण असल्याचा अंदाज होता. त्याच वर्षी माजी अमेरिकी अध्यक्ष जिमी कार्टर यांच्या संस्थेने हे काम हातात घेतलं. 1995 मध्ये सुदानच्या यादवीत त्यांनी केवळ नारूसाठी सहा महिन्यांच्या आसपास युद्धविराम घडवून आणला होता. आपल्याआधी शेवटचा नारू मरावा, अशी त्यांची जाहीर इच्छा होती. 29 डिसेंबर 2024 ला वयाच्या शंभराव्या वर्षी ते गेले. त्या वर्षी जगात माणसांचे रुग्ण होते 15, चाड आणि दक्षिण सुदानमध्ये. नारू निघालेली जनावरं मात्र शेकड्यांत. आज चाडमध्ये कुत्रं बांधून ठेवणाऱ्याला आणि नारू निघालेलं कुत्रं कळवणाऱ्याला पैसे मिळतात. उच्चाटनाची मुदत अनेकदा पुढे सरकत आता 2030 वर आली आहे.

नारू महाराष्ट्रात परत येईल का? प्रामाणिक उत्तर: जवळपास नाही. पायऱ्या उतरून प्यायचं पाणी भरणारी गावं उरली नाहीत. मग इतकं पाल्हाळ का लावलं? नारूने शिकवलेली पद्धत, म्हणजे रोग संपल्यावरही शोधत राहणं, आपण नारूबरोबरच दप्तरी लावून टाकली. आणि पुढची साथ ज्या दारातून येईल तिथे कुणी उभं नाही.

महाराष्ट्रात पाण्याच्या पहाऱ्याची व्यवस्था आहे, ती थट्टेवारी नेण्यासारखी नाही. ग्रामपंचायतीला स्रोतांच्या तपासणीनंतर लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. सलग पाच वर्षं साथ नसेल तर चंदेरी. जलसुरक्षक टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकतो, ओटीने क्लोरीन बघतो, नमुने पाठवतो. 2019 मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना तपासणी संच देऊन शिकवायची तरतूद आहे. आशाताई आहेत. जुलाबाचे आकडे दर आठवड्याला वरिष्ठांकडे जातात. पण या अख्ख्या साखळीचा भर क्लोरीनवर आणि जिवाणूंवर आहे. टीसीएल पडली का, ओटी पिवळी झाली का, जिवाणू निघाले का. क्रिप्टोस्पोरिडियमला या तिन्ही प्रश्नांशी काही देणंघेणं नाही. ओटी पिवळीधमक असताना तो नळातून येतो. 2024 च्या मे महिन्यात इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात ब्रिक्सम नावाच्या गावात तो असाच आला, शंभरावर माणसांत तपासणीने सिद्ध झाला. तपासात शेतातला एक बिघडलेला एअर व्हॉल्व्ह पुढे आला. हजारो लोक कित्येक आठवडे पाणी उकळून पीत होते. अगदी साहेबाच्या देशात.

क्रिप्टोस्पोरिडियमला अडवतं ते वाळूचं नीट चाललेलं गाळण, योग्य तुरटी, आणि पाणी एक मिनिट खळखळून उकळणं. मिलवॉकीने पुढे सरोवरातून पाणी उचलायची जागा आणखी आत नेली, ओझोनची प्रक्रिया बसवली. आपल्या लहान नगरपरिषदांना ओझोन परवडेल की नाही, हा वाद करत बसायची गरज नाही, कारण त्याआधी करायच्या गोष्टी फुकटात होतात. पावसाळ्याच्या पहिल्या पंधरा दिवसांत केंद्रावर चोवीस तास माणूस हवा. तुरटीचा डोस रोज पाणी बघून ठरायला हवा. फिल्टर धुतलेलं पाणी पावसाळ्यात तरी परत वापरू नये. जिल्हा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेने जुलै-ऑगस्टमध्ये जुलाबाच्या काही नमुन्यांना क्षयरोगाचं ते लाल रंजक लावून बघावं. पशुवैद्यकीय दवाखान्याने हगवणीची साथ तालुका आरोग्य अधिकाऱ्याला फोन करून सांगावी. आणि मेडिकलवाल्याचं एक वाक्य, ‘साहेब, ओआरएस संपलं’, हे कुठेतरी नोंदलं जावं. यातल्या एकाही गोष्टीला निविदा काढावी लागत नाही.

या लेखाच्या वाचकाला एकच विनंती. जूनमधला पहिला मोठा पाऊस झाला की नगरपरिषदेत किंवा ग्रामपंचायतीत जा आणि क्लोरीनबद्दल विचारू नका, ते असेल. आजच्या शुद्ध पाण्याचा गढूळपणा किती एनटीयू आहे, ते विचारा, आणि रोजची नोंदवही दाखवा म्हणा. उत्तर 1 च्या वर असेल, किंवा वहीच नसेल, तर पाणी खळखळून उकळा आणि शेजाऱ्यांनाही सांगा. घरात केमो, डायलिसिस किंवा एचआयव्हीच्या औषधांवरचं (एआरटी) कुणी असेल तर उत्तराची वाट न बघता उकळा.